शतावरीची वीस पोती

ती केस आजही आठवते. छाती फुगवून सांगाव्यात अशा केसेस माझ्याकडे चार-दोन आहेत. ही त्यातली नाही. तेव्हा मी खालापूर तालुक्यात फौजदार होतो. अर्थव्यवस्था नुकतीच खुली झाली होती आणि शिळफाट्याच्या पानटपरीवरही माणसं 'एक्स्पोर्ट'च्या गप्पा मारू लागली होती. अशा दिवसांत फसवणारेही पुष्कळ निपजतात, म्हणून आम्ही प्रत्येक नव्या धंद्याकडे संशयानेच बघायचो.

एके सकाळी जंगलमालाच्या एका जुन्या व्यापाऱ्याने ठाण्यात येऊन खबर दिली, की राखीव जंगलातून चोरून खणलेली शतावरीची मुळं टेंपोने मुंबईला चालली आहेत. नाकाबंदीत टेंपो सापडला. वीस पोती. सोबत बौद्धवाडीतला एक तिशीचा तरुण होता. खोपोलीचा कारखाना बंद पडून त्याची नोकरी गेली होती. मग त्याने औषधी मुळं परदेशी पाठवणाऱ्या एका पेढीला वाळवलेला नमुना दिला. नमुना पास झाला, आणि ही त्याची पहिली ऑर्डर. पंचनामा झाला, पोती मुद्देमाल खोलीत गेली, स्टेशन डायरीत नोंद पडली. सगळं नियमाप्रमाणे.

"माल कुणाचा?"

"ठाकरवाडीतल्या बाबांचा, साहेब. त्यांच्याकडनं घेतला."

त्या म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. "बाबा, मुळं कुठं खणली?"

"जागा नाय सांगत, साहेब."

"जंगलातली ना?"

"नाय."

"मग कुठली?"

"नाय सांगत."

चौकशीत गप्प बसणारा काहीतरी लपवत असतो, हे मला नोकरीने शिकवलं होतं. दोन दिवस त्याला ठाण्यात बोलावून तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. म्हातारा ढिम्म हलला नाही. तो तरुण मात्र हात जोडून म्हणाला, "साहेब, परवा बोट सुटते. मला ठेवा आत, पण माल जाऊ द्या. ही ऑर्डर गेली तर पुन्हा आमाला कोण विचारणार नाय." मी म्हणालो, "आधी जागा कळू दे, मग बघू."

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची बायको डोंगर उतरून ठाण्यात आली. नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली, "औषधाची जागा बोलली का त्याचा गुण जातो. आमी कुणाला दावत नाय. पण या लेकराचं घर बसंल. चल, मी दावते."

"गप गं!" म्हातारा पहिल्यांदाच ओरडला. ती थांबली नाही.

वाडीच्या मागे बांधाबांधाने शतावरी लावलेली होती. खणलेल्या प्रत्येक ठिकाणी वेलाचा गड्डा परत पुरला होता. तलाठ्याने सातबारा काढला. जमीन म्हाताऱ्याच्याच नावावर होती, बापापासून चालत आलेली. जंगलाची हद्द तिथून पुढे सुरू होत होती.

मला लाज वाटली. तलाठ्याचं दप्तर ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. पहिल्या तासातच विचारता आलं असतं. पण एका ठाकर आदिवासीच्या नावावर सातबारा असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खबर देणाऱ्याच्या पोटात का दुखतंय, हेही मी पाहिलं नाही. वाडीचा माल आजवर तोच पडत्या भावाने उचलत होता.

कोर्टाचा हुकूम होऊन पोती सुटली, तोवर बोट कधीच गेली होती. पेढीने माल दुसरीकडून घेतला. वाडीने त्या बांधावर पुन्हा खणलं नाही. दाखवलेल्या मुळांना गुण राहत नाही म्हणे. मला त्या समजुतीवर हसता आलं नाही.

तेव्हापासून गप्प माणसाला चोर ठरवण्याआधी मी काय तपासायचं राहिलंय ते बघू लागलो. त्या तरुणाला त्याचा काही उपयोग नव्हता.

गेल्या वर्षी पळसदरीजवळ एका फार्महाऊसच्या फाटकावर तो भेटला. राखणदाराचा गणवेश, केस पिकलेले. त्याने ओळखलं, बसायला खुर्ची दिली. मी म्हणालो, "माझं चुकलं रे तेव्हा."

"नाय साहेब," तो शांतपणे म्हणाला. "तुमी शिवी दिली नाय, हात उचलला नाय. सगळं कायद्यानंच केलंत. म्हणून तर मला कुठं तक्रार करता आली नाय."