आधी कबुली, मग परीक्षण

मेश्रामकाकांचं प्रत्येक चित्रपट-परीक्षण कबुलीने सुरू व्हायचं. "मला घोड्यांची भीती वाटते, त्यामुळे निम्मा चित्रपट मी अंग चोरून पाहिला." किंवा, "आज माझी दाढ दुखत होती, हे वाचकांनी लक्षात घ्यावं." लखनौच्या हजरतगंजमधल्या आमच्या लहानशा हिंदी दैनिकात त्यांचं सदर दर शनिवारी यायचं. लोक ती कबुली वाचून हसायचे, आणि मग पुढचं सगळं विश्वासाने वाचायचे.

काका मूळचे भंडाऱ्याचे. सरकारी नोकरीत लखनौला आले आणि निवृत्तीनंतर इथेच, तेलीबाग वस्तीत राहिले. मी फौजेतल्या मराठी हवालदाराची मुलगी, इथेच वाढलेली, त्याच दैनिकात नव्याने लागलेली. ते माझ्याशी हट्टाने मराठीत बोलत, मी सवयीने हिंदीत उत्तर देई. "चालते," ते म्हणत, "ऐकतेस तरी मराठीत!"

माझं पहिलंच परीक्षण चिनहटच्या कारखान्यांतल्या एका फिटरच्या चित्रपटाचं होतं. कारखान्यातल्या सुट्ट्या वापरून त्याने तो दोन वर्षांत पुरा केला होता. मी लिहिलं, 'दिग्दर्शकाने कारखान्यातच राहायला हवं होतं.' या वाक्यावर मी भलतीच खूश होते. काकांनी कागद परत माझ्यापुढे सरकवला.

"या वाक्यात सिनेमा कुठं आहे?"

"काका, फिल्म सच में खराब है."

"असंल. मग ते लिही. त्याच्या नोकरीनं तुझं काय बिघडवलं?"

दुसऱ्या दिवशी ते मला दुपारच्या खेळाला पुन्हा घेऊन गेले. चित्रपट दुसऱ्यांदाही वाईटच निघाला. पण भांडलेले दोन भाऊ एका डब्यातून न बोलता जेवतात, असा एक प्रसंग त्यात होता. पहिल्या वेळी मी तो मोबाइलकडे बघत घालवला होता. मी सगळं नव्याने लिहिलं. चित्रपट फसलाय हे ठेवलं, कुठे फसलाय ते सांगितलं, आणि त्या जेवणाबद्दलही लिहिलं. दोन दिवसांनी तो फिटर अंक हातात घेऊन ऑफिसात आला. मी घाबरून उभी राहिले.

"दुख तो हुआ, मैडम," तो म्हणाला. "लेकिन खाने वाला सीन आपने देख लिया."

काकांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

पण काका गुळमुळीत नव्हते. नव्या मुलांपैकी कोणी निम्मं बरं, निम्मं वाईट असं लिहून आणलं की ते चिडत. "हा न्याय नाही, ही भीतीची खिचडी आहे. तुला काय वाटलं ते ठासून सांग. फक्त का वाटलं तेही सांग, म्हणजे वाचणाऱ्याला तुझ्याशी भांडता येईल."

मग काकू गेल्या. बरेच दिवस दवाखान्यात होत्या, काका रोज उशाशी बसून असत. त्यानंतर तीनेक महिन्यांनी एका म्हाताऱ्या जोडप्याचा चित्रपट आला. आम्ही दोघं पाहायला गेलो. दवाखान्याचा प्रसंग सुरू झाला आणि काका उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले, तर ते पायऱ्यांवर बसले होते.

"हे तू लिही," ते म्हणाले. "माझं मत तयार आहे. पण ते या सिनेमाबद्दल नाही."

मी आत जाऊन उरलेला चित्रपट पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण पाहिला. तो फार चांगला होता, आणि सगळ्यांत चांगला तो दवाखान्याचाच प्रसंग होता. हे लिहिणं म्हणजे काकांच्या जखमेवर बोट ठेवणं. दोनदा खोडलं, मग तसंच छापायला दिलं.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "तो प्रसंग खरंच इतका चांगला आहे?"

"हाँ काका."

"मग मला पाह्यला पाहिजे. तू येशील ना?"

रविवारी आम्ही गेलो. त्यांच्यासोबत मी पाहिलेला तो शेवटचा चित्रपट. महिन्याभरात मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला आणि वर्षाच्या आत ते तिकडेच वारले. त्या दिवशी मात्र ते शेवटपर्यंत बसले. दवाखान्याच्या प्रसंगात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. बाहेर आल्यावर फुटपाथवर थांबून त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"बरोबर लिहिलंस, पोरी. सिनेमा फार चांगला आहे."

चष्मा डोळ्यांवर चढवून ते थोडं चालले, आणि तितक्याच शांतपणे म्हणाले, "मला नाही आवडला."