अंघोळीचा अर्ज

"केस कोर्ट बघेल. अंघोळ झाली का, ते मी बघते."

त्या परक्या बायकांचा एवढा पुळका कशाला, असं कुणी विचारलं की सिस्टरचं हे उत्तर ठरलेलं. मी नौपाड्यात एका वकिलांकडे टायपिस्ट. सिस्टर मानपाड्याहून यायच्या, माझ्या टेबलाशी खुर्ची ओढायच्या आणि म्हणायच्या, घे टाइप करायला.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स त्या. कागदपत्रं नाहीत म्हणून धरलेल्या परदेशी बायकांना परत पाठवेपर्यंत कल्याणच्या पुढे एका केंद्रात ठेवत. दर मंगळवारी सिस्टर त्यांना तपासायला जायच्या.

तिथल्या न्हाणीघराला आतून कडीच नव्हती, आणि समोर पहाऱ्यावर पुरुष! एका एकोणीस वर्षांच्या पोरीने भीतीपोटी नऊ दिवस अंगावर पाणी घेतलं नव्हतं. अंगभर खरूज झालेली. सिस्टरनी मलम दिलं आणि अर्ज केला. उत्तर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव कडी देता येत नाही. बाहेरून किल्लीने उघडेल अशी चालेल, असंही सिस्टरनी लिहून दिलं. चार अर्ज झाले, उत्तर तेच. मी वैतागले, म्हटलं, सिस्टर, दगडावर डोकं आपटताय. त्यांनी पाचवा टाइप करून घेतला.

मग हे अर्ज ज्यांच्याकडे जायचे ते मोठे साहेब पाहणीला आले. मीही सिस्टरबरोबर गेलेले. टाकी गळून अंगणात चिखल, साहेबांचे पाय बरबटले. सिस्टरनी पेशंटला दटावतात तसं त्यांना पाय धुवायला पाठवलं. आणि कुठे, तर त्याच न्हाणीघरात. वर आम्हा दहा-बारा बायकांना समोर उभं केलं.

काय सांगू तुम्हाला! साहेब एका हाताने दार धरतायत, दुसऱ्याने पँट वर करतायत, तांब्याला तिसरा हात आणणार कुठून? दार सुटलं की आम्ही समोर. पण हसलं कुणी नाही. हसलो असतो तर सगळंच फसलं असतं.

साहेब भिजून बाहेर आले. सिस्टरनी अर्ज पुढे केला.

"साहेब, तुम्ही तर नुसते पायच धुतलेत."

भिंतीला कागद टेकवून साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. कडीही मिळाली आणि पहाऱ्याला बाईही. मी तर रिक्षात बसून आनंदाने रडले.

सिस्टर गेल्या वर्षी गेल्या. मला आठवतो तो कडी बसल्याचा मंगळवार. ती पोर आत गेली, कडी लागली, आणि अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. रांगेतल्या बायका कुरकुरू लागल्या. पहाऱ्यावरची बाई दार ठोठावायला उठली, तिला सिस्टरनी हाताने थांबवलं. आत रिकाम्या बादलीत तांब्या खडखडला. सिस्टरनी स्वतः दुसरी बादली भरून आणली, दाराशी ठेवली आणि ती पोर आपणहून कडी काढेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.