बिनगोळीचे दोन आठवडे

माझ्या सासूच्या हातचा मार आमच्या गल्लीतल्या बहुतेक पुरुषांनी खाल्लेला आहे. पहिला मान माझ्या सासऱ्यांचा. ते पिऊन येत आणि तिला बडवत. लग्नाला चार वर्षं झाल्यावर एका संध्याकाळी पर्सिडाने, म्हणजे माझ्या सासूने, सॉसेज भरायच्या यंत्राचा लोखंडी दांडा काढला आणि त्यांच्या मनगटावर घातला. हाड मोडलं. मग स्वतःच त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि तिथल्या डॉक्टरला म्हणाली, "माझ्या हातून झालंय. पुन्हा व्हायला नको असेल तर यांना समजवा."

आमच्या स्रेम भागात डुकरं पहिल्या कडक हिमात कापतात. पुरुष सुरी चालवतात, बाया आतडी धुतात. पर्सिडाही धुवायची. एका वर्षी तिचा दीर स्रेत्को पिऊन तर्र होता, आणि त्याने तीनदा भोसकलेलं डुक्कर मरता मरत नव्हतं. ही आतड्यांचं टोपलं टाकून उठली, दिराच्या कमरेत लाथ घातली, सुरी हिसकावली आणि एका घावात त्या जनावराला सोडवलं. तेव्हापासून गल्लीतलं प्रत्येक डुक्कर तीच मारते. स्रेत्को ती लाथ विसरलेला नाही.

पन्नाशीत तिची बोटं सुजू लागली. सकाळी कपाची दांडी धरता येईना. आपलंच शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, त्या जातीचा संधिवात. डॉक्टर ल्युबिंकांनी दर शुक्रवारी घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी दिली, शरीराच्या प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी. बोटं वळू लागली, सुरी पुन्हा मुठीत बसली. त्या गोळीपायी तिने राकिया, आमची फळांची कडक दारूही सोडली, आणि स्रेममध्ये हे बोटांपेक्षा मोठं दुखणं समजतात.

पण लगाम काही फक्त सांध्यांपुरता राहत नाही. गेल्या जानेवारीत तिला फ्लू झाला आणि तो छातीत उतरला. मी तिला नळ्या लावलेल्या अवस्थेत पाहिली, ओठ जांभळे, छाती भात्यासारखी. तशातही सुई लावणाऱ्या ब्रदरच्या तिने कानाखाली वाजवली. मला तो आवाज ऐकून रडू आलं. म्हटलं, आहे अजून.

म्हणून या शरद ऋतूत मी तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझी तियाना बालवाडीतून रोज नवीन सर्दी घेऊन येते आणि थेट आजीच्या मांडीवर चढते. आजीला सांगू कसं, की नातीपासून लांब बस?

"फ्लूची लस घ्यायचीच," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्यात जिवंत जंतू नसतात, तुम्हाला चालते. जिवंत जंतूंची कुठलीही लस मात्र मला विचारल्याशिवाय टोचून घ्यायची नाही. आणि ही टोचल्यावर दोन आठवडे गोळी बंद. लगाम सैल असला की लस चांगली लागू पडते. सांधे फारच धरले तर फोन करा."

"आणि माझे हात लाकूड झाले तर डुकरं काय तुम्ही मारणार?"

"कधी कापता?"

"महिनाअखेरीस."

"मग आजच घ्या. तोवर गोळी पुन्हा सुरू झालेली असेल."

हिशेब बरोबर होता. हिम तेवढं लवकर पडलं. पहिली गोळी चुकवून आठवडा उलटला होता, दुसरीचा शुक्रवार कालच गेला होता, आणि सकाळी अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा. पाणी उकळायला गल्लीभर हंडे चढले. पर्सिडाची बोटं गाजरासारखी लाल आणि ताठ.

"आई, फोन करते डॉक्टरांना," मी म्हटलं.

"फोन कसला करतेस? बाहेर शेजारचा जुरो उभा आहे चार माणसं घेऊन."

स्रेत्को बाटली घेऊनच आला. "वहिनी, ऐकलं ते खरं का गं? त्या डॉक्टरणीने सुई टोचली आणि गोळी काढून घेतली? मग आता कसला परहेज! ये, बोटांना वंगण घाल."

आमच्याकडे सगळे तसंच समजतात. गोळीमुळे दारू बंद, म्हणजे गोळी बंद तर दारू चालू. सहा वर्षांनी तिने एक पेला रिचवला, मग आणखी एक. मी मध्ये पडले तर म्हणाली, "सूनबाई, शिकवणी संध्याकाळी."

चौघांनी डुक्कर आडवं पाडलं. पर्सिडा गुडघ्यांवर बसली, गळ्याखालची जागा चाचपली आणि सुरी घातली. मूठ आवळलीच नाही. पातं हाडावर घसरलं. डुक्कर असं किंचाळलं की तियाना घरात ओरडायला लागली. चौघे उडाले. मानेत सुरी तशीच, ते जनावर अंगणभर धावलं, जुरोला कुंपणावर आदळलं, हंड्याच्या तिवईला धडकलं. उकळतं पाणी सगळीकडे. जुरोच्या पायाची कातडी सोलवटली. पांढऱ्या गवतावर रक्ताचे फराटे उठले.

"ही बघा तुमची लस!" स्रेत्को बोंबलला. "आत विष घातलंय हिच्या! हो बाजूला, थेरडे, लायकी नाही तुझी!" आणि त्याने तिला छातीवर ढकललं.

छातीवर. जानेवारीतल्या त्या छातीवर.

मी फावडं उचललं होतं, खोटं कशाला सांगू. पण पर्सिडाने त्याआधीच डोकं त्याच्या नाकात घातलं. हात चालत नव्हते ना. तो बसला खाली, तोंडभर रक्त. ती डुकराकडे गेली, कोपऱ्यात त्याला गुडघ्याने दाबलं, सुरीच्या मुठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि अख्खं अंग त्यावर टाकलं. मग त्याच्यावरच पडून राहिली, दोघांचं धापणं थांबेपर्यंत. तिचं थांबलं. डुकराचं कायमचं.

मी डॉक्टरांना फोन लावला. जुरोचा पाय गार पाण्याखाली धरा आणि मग त्याला दवाखान्यात पाठवून द्या, म्हणाल्या. राकियाबद्दल मला झापलं. मग म्हणाल्या, "सांधे एवढे धरले असतील तर आजच गोळी सुरू करू द्या. लस काही वाया जात नाही, थोडी कमी लागेल इतकंच."

मी निरोप सांगितला. पर्सिडा ओट्यावर बसली होती, हात काखेत खुपसून.

"थोडी म्हणजे किती?"

"ते कोणाला सांगता येत नाही, आई."

"मग नको. पुढच्या शुक्रवारीच घेईन. लाकडाच्या हातांनी माणूस जगतं. श्वास नसला की काय होतं ते मी पाहून आलेय."

"आणि बाकीची डुकरं?"

ती अंगणात थुंकली आणि समोर पाहिलं. स्रेत्को नाकात फडकं कोंबून बसला होता. "ऊठ रे. सुरी घे. पण बाटली सूनबाईकडे दे."

"मी? मला मारलंस आणि मीच?"

"मारलं म्हणून तर शुद्धीवर आहेस."

त्या दिवशी गल्लीतली उरलेली डुकरं स्रेत्कोने मारली. प्रत्येक अंगणात ती त्याच्या मागे उभी होती, हात काखेतच. पातं जरा डावीकडे कललं की त्याच्या बरगडीत कोपर बसायचं. "खाली! अजून खाली, गाढवा! त्याला काय गुदगुल्या करतोयस?"

शेवटच्या दोन डुकरांना एकेकच घाव लागला. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कोपर तरीही बसलंच.