तारखेची चाल

साताऱ्याकडचा आमचा छापखानेवाला लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचायचा नाही, गायचा. बायको पेटीवर, सून टाळ घेऊन. भजनी मंडळ घरचंच. माझ्या पत्रिकेतली चुलत्या-मामांची नावं त्यांनी अशी आळवली, की मीही डोलायला लागलो.

पत्रिका वाटल्यावर मावशीचा फोन आला, "लगीन कवा हाय रं?" पाहतो तर तारीखच छापलेली नाही! तावातावानं छापखान्यात गेलो.

"आवं, तारखंला चालच बसंना, म्हणून ऱ्हायली," तो शांतपणे म्हणाला.

मग चाल बसवून ते अख्खं कुटुंब आमच्या गावात दारोदार तारीख गात फिरलं. लग्नाला ही गर्दी! ती तारीख आता गावात कुणीच विसरत नाही. मीच विसरतो. मग बायको ती चाल गुणगुणते, जरा वरच्या पट्टीत.