आक्काला रेसचा नियम समजला

घरात टॉवेलसुद्धा बायकोच्या हातून घेणारा माणूस 'स्वावलंबी' रेसला निघाला, ही बातमी आमच्या श्रीरामपुरात दोन दिवसांत पसरली. पसरवली बायकोनेच. मी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवतो, वय सत्तेचाळीस, वजन विचारू नका. तरी गेल्या वर्षी कुठेतरी एका सायकलवाल्याचे फोटो पाहिले आणि डोक्यात किडा शिरला. हजार किलोमीटरची रेस. सायकलला पिशव्या बांधायच्या, त्यातच कपडे, अवजारं, खाणं, झोपायची पथारी. सोबत गाडी नाही, मदतनीस नाही. आपलं आपण निघायचं आणि आपलं आपण पोचायचं.

रेसला नुसते पैसे भरून प्रवेश मिळत नाही. आधी एक पात्रता फेरी एकट्याने करून दाखवावी लागते: तीनशे किलोमीटर, छत्तीस तास, आणि शेवटी प्रतिज्ञापत्र की मी कुणाची मदत घेतली नाही. फेरी पाठवायची मुदत रविवारी संपत होती. आधीचे तीन रविवार मी अनुक्रमे सर्दी, पेपर तपासणी आणि एका लग्नात घालवले होते. म्हणजे हा शेवटचा. आणि स्टाफरूममध्ये मी इतक्या बाता मारून ठेवल्या होत्या की रेस हुकली असती तर मला बदलीच मागावी लागली असती.

तयारी जोरात झाली. पुण्याच्या एका ऑनलाइन कोचने सांगितलं, वजन कमी करा. मी टूथब्रशचा दांडा अर्धा कापला. सगळे मोठे सायकलवाले कापतात म्हणे. बायको शांतपणे म्हणाली, "ब्रश कापलात, चांगलं झालं. पोटाचं काय करायचं ठरलंय?"

यानंतर मी जी चूक केली ती फक्त आमच्याकडचाच माणूस करू शकतो. अशा रेसमध्ये प्रत्येकाजवळ एक यंत्र असतं. आपण कुठे आहोत ते नकाशावर ठिपक्यासारखं दिसतं, म्हणजे कुणी लबाडी केली तर आयोजकांना कळतं. त्या ठिपक्याची लिंक मी कौतुकाने आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपवर एकशे बारा माणसं आहेत, त्यातली निम्मी माझ्या रस्त्यावर राहतात.

शनिवारी पहाटे पाच वाजता निघालो. डिसेंबरची थंडी, बोटं बधिर. पहिला टप्पा पुणतांबा, वीसेक किलोमीटर. रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॅक्टरांपासून जपा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे लाल दिवा नाही, आणि गाणी मात्र पार पलीकडच्या गावाला ऐकू जातील अशी. पुणतांब्याला पोचलो तेव्हा गोदावरीवर धुकं होतं. फोटोसाठी थांबावं म्हटलं, तर मंदिराजवळच्या वळणावर माझा चुलत मेहुणा ज्ञानेश्वर दोन माणसं आणि पितळी डबा घेऊन उभा!

"दाजी, तुमचा ठिपका नाक्यावर दिसला तसा शिरा गॅसवरून उतरवला. गरम आहे, बसा."

मी नियम सांगितला. तो हसला. पुन्हा सांगितला, तर त्याचं हसणं कमी झालं. मग मला वाटलं आपण तोडगा काढावा. विकत घेतलेलं चालत असावं असं धरून मी खिशातून पन्नासची नोट काढली. वाचकहो, तुमची सासरवाडी या जिल्ह्यात असेल तर हे करू नका.

"सासरवाडीला पैसे देऊन शिरा?" ज्ञानेश्वरने डबा बंद केला. "दाजी, सायकल नेटाने चालवा. आम्ही निघतो."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "शिऱ्याचे पैसे दिलेत म्हणे?" ठिपक्यापेक्षा बातमी जोरात पळते.

राहात्याला हॉटेलात पोहे आणि चहा घेतला, चाळीस रुपये. हॉटेल चालतं, कारण ते सगळ्यांसाठी उघडं असतं. तिथून बाभळेश्वर आणि कोल्हार. खरं तर बाभळेश्वरहून लोणीला सरळ जाता येतं, पण किलोमीटर भरावेत म्हणून मी कोल्हारवरून वळसा घेतला होता. रेसचा मार्गही तिथूनच जातो. आणि कोल्हारला माझी आक्का राहते.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मला सायकल तिने शिकवली. भावजींची जुनी काळी सायकल, मी दांडीखालून पाय घालून चालवायचो आणि ही साडी खोचून, सीट धरून मागे पळायची. तिचं घर रस्त्याला लागूनच आहे. आमच्याकडे कुणाच्या दारावरनं तसंच पुढे जाणं म्हणजे साधी गोष्ट नाही. भांडण असलं तरच माणूस तसा जातो. तिच्या दारावरनं मी आजवर कधी तसा गेलो नव्हतो.

ती दारात नव्हती, रस्त्यावर होती. एका हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, दुसऱ्या हातात तांब्या. मी लांबूनच ओरडलो, "आक्का, नियम आहे गं! थांबता येत नाही!"

"आरं पानी तरी पी!"

मी पायसुद्धा टेकवला नाही. हँडलला बसवलेल्या आरशात ती दिसत राहिली. तांब्या तसाच पुढे धरलेला होता. लाज वाटली. पण खरं सांगतो, त्या लाजेत थोडी ऐटसुद्धा होती, की बघा, सख्ख्या बहिणीलाही मी भीक घातली नाही. केवढा शिस्तीचा खेळाडू!

ही ऐट संगमनेरपर्यंत पुरली. समोरून वारा होता आणि दुपारचं ऊन. संगमनेरला बाभळीच्या काट्याने पंक्चर झालं. महागड्या टायरमध्ये पंक्चर आपोआप बुजवणारं औषध भरलं होतं. ते सगळं बाहेर येऊन माझ्या पँटवर वाळलं. पंक्चरवाला म्हणाला, "सर, ह्यात साधी ट्यूब टाकू का? चाळीस रुपयं." टाकली. पुढे अकोले गावात मिसळ खाल्ली, झणझणीत आहे, जपून खा. राजूरला पेढे घेतले. चढ सुरू झाला तसा माझा जीव निघाला. कोचने दिलेली ताकदीची पेस्ट तोंडात पिळली. खोकल्याच्या औषधात गूळ घातल्यासारखी चव. ती गिळता गिळता मला फडक्यातली भाकरी आठवत होती, आणि भाकरीपेक्षा जास्त तो पुढे धरलेला तांब्या. एका वळणावर सायकल आडवी टाकून मी बसलो आणि चक्क डोळे पुसले. घामाचं निमित्त होतं, पण तिथे बघायला होतं कोण?

भंडारदऱ्याला संध्याकाळी पोचलो. शेंडी गावात सातशे रुपयांत खोली मिळाली, गरम पाण्याची बादली धरून. अर्ध्या ब्रशने दात घासताना बोटं तोंडात जातात, ही माहिती कुठल्याच सायकलवाल्याने लिहिलेली नाही, म्हणून मी लिहितो. मग धीर करून आक्काला फोन लावला. वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोचलास? जेवलास?"

"हो. आक्का, सकाळी मी..."

"ते ऱ्हाऊ दे. तुझा तो नियम काय हाय, नीट वाचून दाखव."

मी मोबाईलवर वाचून दाखवला: जी मदत इतर सर्व स्पर्धकांना मिळू शकत नाही, ती घेता येणार नाही.

"म्हंजी?"

"म्हणजे हॉटेल चालतं, पंक्चरवाला चालतो. ते सगळ्यांनाच मिळतात. तुझी भाकरी फक्त मला मिळते, म्हणून चालत नाही."

"आन् पैशाचं काय?"

"पैशाचं काही लिहिलेलं नाही. सगळ्यांना मिळालं पाहिजे एवढंच."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, चिडली.

रविवारी सकाळी धरणाच्या कडेच्या रस्त्यावर राहिलेले किलोमीटर भरले. तो रस्ता सुंदर आहे, खड्डेही भरपूर. मग उताराने अकोले, संगमनेर, लोणी. पाच वाजेपर्यंत श्रीरामपूर गाठायचं होतं. कोल्हार जवळ आलं तेव्हा सव्वातीन वाजले होते, पुढे तासाभराचा रस्ता. पोटात सकाळपासून एक केळं. मी ठरवलं होतं, रेस गेली खड्ड्यात, आक्काच्या दारात पाय टेकवायचा आणि पाणी प्यायचं. प्रतिज्ञापत्रात 'मदत घेतली' असं लिहायचं आणि सोमवारी स्टाफरूममध्ये खाली मान घालून बसायचं.

पण आक्काच्या दारासमोर गर्दी! रस्त्याकडेला टेबल, त्यावर धुतलेली चादर, भाकरीचं टोपलं, पिठलं, ठेचा, पाण्याचा माठ. शेजारी खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं: 'येथे सर्व सायकलवाल्यांना भाकरी व पाणी मिळेल. ओळख असो नसो.' खाली भाचीच्या सुबक अक्षरात: 'मोटारसायकलवाल्यांनी विचारू नये.'

पुढे रांग होती. पहिले एक म्हातारबाबा, सायकलला गवताचा हा एवढा भारा. त्यांच्यामागे घंटीवाला कुल्फीवाला. मग एक भंगारवाला, त्याच्या सायकलवर दोन पंखे आणि एक पाळणा. मी सायकल लावली आणि सरळ टेबलापाशी गेलो.

"आक्का! अगं मला आधी दे, वेळ नाही गं."

आक्काने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लायनीत ये."

"अगं, पाच वाजता..."

"तुला आधी दिलं तर ती मदत झाली. सगळ्यास्नी सारखं. न्हाई तर जा तुझ्या हाटेलात."

कुल्फीवाला हसला. मी मुकाट्याने भंगारवाल्याच्या मागे उभा राहिलो. मनगटावरचं घड्याळ बघत होतो आणि भाकरीच्या वासाने जीव कासावीस होत होता. म्हातारबाबा सावकाश जेवता जेवता माझी सायकल न्याहाळत होते.

"लई पिशव्या हायेत. काय इकता?"

"काही नाही बाबा. रेस आहे. एकट्याने जायचं, कुणाची मदत घ्यायची नाही."

"कोन देतंय मदत?" बाबा म्हणाले. "मी रोज चौदा किलोमीटर गवत आनतो. आज पयल्यांदा कुनी भाकर दिली."

माझ्या पिशव्यांची किंमत त्यांनी विचारली नाही, हे उपकारच झाले.

माझी पाळी आली. दीड भाकरी, पिठलं, ठेचा. मी आणखी ठेचा मागितला तर म्हणाली, "दुसऱ्यांदा पाहिजे तर पुन्यांदा लाईन." मग तांब्या पुढे केला. कालचाच तांब्या. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "आक्का, काल चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. "चल, पळ आता." आणि सायकलवर बसलो तशी तिने सीटला हात लावला, ढकलण्यासाठी. लगेच काढूनही घेतला. "न्हाई, सगळ्यास्नी कुटं ढकलनार मी?"

मी पुठ्ठ्याचा फोटो काढला आणि सुटलो. बेलापूरपर्यंत खाली मान घालून पायडल मारले. घराच्या फाटकाला हात लावला तेव्हा पाचला आठ मिनिटं कमी होती. बायकोने टॉवेल हातात दिला, नेहमीसारखा, आणि वर म्हणाली, "हा सगळ्यांना मिळत नाही, लिहून टाका तिकडे." मी टॉवेल परत दिला आणि आतून स्वतः दुसरा आणला. कपाट कुठलं ते विचारावं लागलं.

प्रतिज्ञापत्र त्याच संध्याकाळी पाठवलं. दुसऱ्या दिवशी आयोजकांचा प्रश्न: कोल्हारला तुमचा ठिपका बावीस मिनिटं एकाच जागी होता, कारण? मी पुठ्ठ्याचा फोटो पाठवला आणि खरं ते सगळं लिहिलं, बहीण असल्याचंसुद्धा. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग उत्तर आलं. फेरी मान्य. ती जागा सर्वांसाठी उघडी असल्याने नियमभंग नाही, आणि रेसच्या दिवशी ती तशीच उघडी राहणार असेल तर मार्गावरच्या खाण्याच्या ठिकाणांच्या यादीत टाकतो, कळवा.

मी अजून पिशव्या सोडल्या नाहीत, रेस फेब्रुवारीत आहे. ब्रश मात्र पुरा घेतलाय. ज्ञानेश्वरची माफी मागायला पुणतांब्याला जाऊन आलो, शिरा दोनदा घेतला. आणि एवढं कळलंय की आमच्या रस्त्यांवर खरोखर एकट्याने, पिशव्या लादून, कुणाच्या मदतीशिवाय सायकल चालवणारी माणसं रोजच जातात. त्यांचे ठिपके कुणी बघत नाही.

आक्काला फोन केला. म्हणालो, "आक्का, तुझं टेबल यादीत येतंय. चौसष्ट जण आहेत रेसला."

"चौसष्ट?" ती घाबरली असं मला वाटलं, पण ती हिशोब करत होती. "मंग दळन आदल्या दिवशीच टाकते. गवतवाल्या बाबांना पन सांगते, त्या दिवशी जरा लवकर या म्हनावं, न्हाई तर तुमी लोक संपवाल."

"अगं, पण सगळे थांबतीलच असं नाही. रेस असते. काही जण तसेच पुढे जातील."

"जातील कसे?" आक्का म्हणाली. "त्यांचा नियम मी पाळला का न्हाई? आता माजाबी एक नियम तुज्या त्या लोकांना कळव. दारावरनं तसंच कुनी जायचं न्हाई."

मी तो आयोजकांना जसाच्या तसा लिहून पाठवलाय. उत्तर अजून आलेलं नाही.