मोटारमावशींनी गाडी मोडली

मोटारमावशी नऊवारी नेसून मोटार चालवत आणि चालवता चालवता मागच्या सीटवरच्या दुखणाईताला दटावत. "कण्हायचं तर मोठ्याने कण्ह, इंजिनापुढे मला ऐकू येत नाही," असं खुशाल म्हणत. कुळगावातल्या आम्हा भाडेकरूंच्या त्या घरमालकीण. यजमान गेल्यावर लोक म्हणाले, मोटार विकून टाका. मावशी ती चालवायला शिकल्या. आसपासच्या पाड्यांवर कुणी अडलं की उल्हासनगरच्या इस्पितळापर्यंत त्यांची मोटार ठरलेली.

दसऱ्याला पाड्यावरची माणसं झेंडूच्या माळा आणत. त्या इतक्या होत की काचेतून समोरचं दिसेना. मावशी एकही माळ काढू देत नसत. खिडकीतून मान बाहेर काढून गाडी हाकत. मी शेजारी जीव मुठीत धरून बसे.

नव्वदनंतर पेपरात चर्चा सुरू झाली. जुन्या गाड्या धूर ओकतात, त्या मोडीत काढणाऱ्याला सरकारने नव्या गाडीवर सवलत द्यावी, असं काही लोक म्हणत होते. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी असलेला मावशींचा मुलगा त्याच मताचा, आणि मीही. ओसरीवर वाद रंगत. "ज्याला नवी परवडते त्यालाच वर सवलत? आणि नवी येईस्तोवर दुखणाईतांना काय पाठीवर नेऊ?" मावशी विचारत. मुलाने धुराचं काढलं की म्हणत, चुलीलाही धूर असतो, म्हणून कुणी जेवण सोडलं नाही.

एका सकाळी दम्याने बेजार झालेल्या एका म्हाताऱ्याला घेऊन त्या निघाल्या. मीही सोबत होतो. चढणीवर गाडीत धूर भरला, काचा उघडूनही जाईना. म्हाताऱ्याचे ओठ काळेनिळे पडले. त्याची सून हळूच म्हणाली, "बाय, गारी थांबवा. तुमचे गारीचा धूर बाबांचे छातीन जातंय."

मावशींनी गाडी थांबवली. मागून येणारा टेम्पो अडवून म्हाताऱ्याला त्यात बसवलं. तो वाचला.

दुसऱ्या दिवशी मावशी मोटार घेऊन उल्हासनगरच्या भंगारबाजाराकडे निघाल्या. मी म्हटलं, सवलतीचं अजून नुसतं बोलणं चाललंय, थोडं थांबा, उगाच नुकसान होईल.

"मुलगा खरं बोलत होता," त्या म्हणाल्या. "आता माझ्या सवलतीपायी आणखी कुणी धूर गिळायचा?"

वादात कधी न हरलेल्या बाईने हे इतक्या सहज म्हटलं की मी थक्क झालो. आजही तो प्रसंग आठवला की त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

गाडी तोडणारे सिंधी शेठ म्हणाले, "माताजी, आप अंदर बैठो, देखा नहीं जाएगा." मावशी बसल्या नाहीत. शेवटचा पत्रा निघेपर्यंत उभ्या राहिल्या.

नवी गाडी काही त्यांना घेता आली नाही. पुढे पाड्यावर कुणी आजारी पडलं की मावशी पदर खोचून हमरस्त्याच्या मधोमध उभ्या राहत. त्यांना चुकवून पुढे गेलेली एकही गाडी मी पाहिली नाही.