सप्ताहातली वीणा आणि गणिताचा पेपर

दहावीच्या वर्षी माझा देवावर विश्वास होता की मला त्याची नुसती भीती होती, हे आज पन्नाशीजवळ येऊनही नीट सांगता येत नाही. त्या साली पाऊस धड दोनदाच पडला. आई-वडील सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला गेले होते आणि मी शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या गावी काकूकडं राहत होतो. पूर्वपरीक्षेत गणितात नापास झालो. बोर्डातही तेच झालं तर पुढच्या हंगामाला माझ्याही हातात कोयता येणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. अन्न गोड लागेना. पुस्तक उघडलं की एकच ओळ पाच-पाच वेळा वाचायचो आणि डोक्यात काही उरायचं नाही.

फाल्गुनात गावात हरिनाम सप्ताह बसला. सप्ताहात वीणा सातही दिवस जमिनीला टेकवत नाहीत. दोन-दोन तासांच्या पहाऱ्यानं ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. निम्मी माणसं जनावरांबरोबर सोसायटीच्या चारा छावणीवर मुक्कामाला होती, म्हणून पहाऱ्याला माणूस पुरत नव्हता. सकाळचा सात ते नऊ मी मागून घेतला, सातही दिवस. मनात सरळ सौदा होता: देवा, चौदा तास उभा राहतो, गणितात पास कर.

काकू म्हणाली, “आरं, पेपराच्या दिवशी तरी नगं.”

“एक दिवस चुकला तर नवस मोडतो, काकू.”

“देव काय मास्तर हाय व्हय, हजेरी घ्यायला?”

पेपर सहाव्या दिवशी अकराला, शिरूरला. नऊला पहारा संपणार, साडेनऊला एसटी. मी हे कागदावर मांडून पाहिलं होतं. त्या मांडणीत टँकर नव्हता.

पावणेनऊला टँकर आला. देवळातली माणसं टाळ ठेवून घागरींकडं पळाली. नऊला माझ्याकडून वीणा घेणारे तात्याही त्यांच्यात होते. त्यांना दोष देत नाही. पाणी चार दिवसांनी आलं होतं. नऊ वाजले. नऊ वाजून दहा मिनिटं झाली. हाक मारावी तर नाम तुटेल, वीणा ठेवावी तर सगळ्या गावाचा सप्ताह मोडेल. रडू आलं. देवाला मी मनात काय काय बोललो, ते इथं लिहीत नाही.

नऊ-वीसला दारात एक म्हातारा धनगर येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, गळ्यात तुळशीची माळ, मागं मेंढरं.

“कावून रडायलास रं, लेकरा?”

नाम घेता घेता मधेमधे मी सांगितलं. तो पायताण काढून पुढं आला. “आण इकडं.”

मला तेव्हाही नियमच आठवला. “बाबा, आंघोळ झालीय का तुमची?”

तो मोठ्यानं हसला. “लई सोवळ्याचा हायस! औंदा देवाची तरी झालीय का, इचार की त्याला.”

“आणि मेंढरं?”

“पळून जायाला हिरवं कुटं हाय त्यास्नी? जा तू.”

मी वीणा त्याच्या गळ्यात घातली. देणाऱ्या-घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं असतं. तो म्हाताराही माझ्या पायांशी वाकला. मी पळालो. टँकरच्या गर्दीनं रस्ता अडला होता आणि एसटी तिथंच हॉर्न वाजवत उभी होती.

पेपरातलं पहिलंच गणित आलं नाही. एरवी मी तिथंच खचलो असतो. त्या दिवशी दुसऱ्यावर गेलो, मग तिसऱ्यावर. निकालात पास होण्यापुरत्या गुणांहून सात जास्त पडले.

पेपराच्या दिवशी दुपारी परतलो तेव्हा तात्या म्हणाले होते, “कुठला धनगर कुणास ठाऊक. आसा आवाज लागलेला की वीणा मागायचं माझंच मन होईना.” मेंढरं निघून गेली होती. धनगर त्या वाटेनं दर उन्हाळ्यात जातात. तो त्यांतलाच एक असणार. मी चमत्कार म्हणत नाही. त्याला घोटभर पाणीसुद्धा विचारलं नाही, हे मात्र अजून खुपतं.

स्वभाव काही बदलला नाही. मुलीच्या परीक्षेआधी आजही हॉल तिकीट तीनदा तपासतो. पण चौथ्यांदा हात जातो तेव्हा थांबतो. वीणा गळ्यात होती तोवर सगळा सप्ताह मीच पेलतोय असं वाटत होतं. मी ती सोडली, आणि नाम क्षणभरही थांबलं नाही.